बेचाळीस पिवळी फुलं

इंद्रवेल्ली
१८ ऑगस्ट २०२५

भूषण यांस,

खुशाली विचारत नाई. तुमी किती खुशाल आहा ते आदिलाबादच्या चौकात फ्लेक्सीवरच लावलं आहे म्हणे. शेजारच्या खोलीतली वृषाली, मराठी शाळेवरची मास्तरीण, शनिवारी तिकडं गेल्ती. तिनं मोबाइलवर फोटो काढून आणला. 'रस्त्याकडची पिवळी फुलं. बेचाळीस फोटोंचं प्रदर्शन. छायाचित्रकार : भूषण.' मधात तरवडाचा फोटो, बाजूले तुमी, गळ्यात कॅमेरा, हनुवटी वर. उद्घाटन चौदा सप्टेंबर, रविवार, सकाळी अकरा.

मी चहा गाळून राह्यली होती. गाळणी हातात अन् चहा सगळा ओट्यावर. वृषाली म्हणे, "ताई, हे तर तुमचे फोटो आहेत न?" मी म्हटलं, "माहेच आहेत बाई." मंग दोन दिवस तुमाले फोन लावला, लागला नाई, म्हून आता लिहून राह्यली.

माहा नंबर तुमी ब्लॉक केला. ठीक आहे. कागद काई ब्लॉक होत नाई. स्पीड पोस्टानं धाडते, म्हणजे पाकीट घेताना सही करा लागंल. माह्या नावापुढं तुमची सही, तेवढं तरी होऊ द्या.

फेब्रुवारीत तुमी घर सोडलं तवा काय झालं होतं ते आठवा. मी एवढंच म्हटलं होतं, दुकानाची पाटी नवी करून राह्यलो तर 'भूषण फोटो स्टुडिओ'च्या खाली बारीक अक्षरात माहंही नाव टाका. केवढा राग आला तुमाले! "उद्या म्हणशीन लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी माहं नाव छापा." चार दिवसांनी सामान भरलं, आदिलाबादले नवं दुकान घेतलं, अन् जाताना हार्ड डिस्क उचलली. म्हणे दुकानाची चीज आहे. मले वाटलं लग्नाचे अल्बम पाह्यजे असतील, म्हून अडवलं नाई. माही फुलं त्याच्यातच होती हे आठवलं तवा तुमी गुडीहत्नूरच्या पुढं गेले असाल.

ती फुलं कशी आली ते तुमाले माहीत आहे. उटनूर, मुधोळ, बाजारहत्नूर, कुठीबी लग्न असो, नवरदेवाकडचे फोटो तुमी काढायचे अन् बायाइकडचे मी. हळदीचे फोटो नेहमी माह्याकडं, कारण तुमच्या हातून पिवळा रंग जळत होता. नवरी अशी दिसे की कोणी अंगावर बल्ब लावला. पिवळ्याले उजेड कमी द्या लागते, सावली धरा लागते, घाई करून चालत नाई. ते मी हळदीत शिकली, अन् मंग येता-जाता रस्त्याच्या कडंले फुलं दिसली की गाडी थांबवा म्हणू लागली. तुमी गाडीवर बसून हॉर्न वाजवत. "गवताचे फोटो कायले काढते? गवत काय अल्बम नेते?"

सहा वर्ष मी ते गवत काढलं. आता त्याच गवतापुढं तुमी हनुवटी वर करून उभे.

सोळा वर्ष तुमाले तुमी म्हटलं. कंटाळा आला. इथून पुढं तू म्हणते. भूषण, तू चोर आहेस.

मले तू नको, घर नको, दुकान नको. बेचाळीस फोटोखाली बेचाळीस वेळा माहं नाव पाह्यजे. चौदा तारखेच्या आधी.

रंजीता


इंद्रवेल्ली
२७ ऑगस्ट, गणपती बसले तो दिवस

भूषण,

तुहं उत्तर भेटलं. बिलबुकाचं पान फाडून मागच्या बाजूले पाच ओळी. "कॅमेरा माहा, गाडी माही, पेट्रोल माहं. तू निस्तं बटन दाबलं."

वा रे वा! मंग वरातीतला नवरदेव घोडीवाल्यालेच म्हणा लागंल. घोडी तर त्याचीच असते. नवरदेव निस्ता वर बसते.

बरं, फोटो तुहे आहेत तर मले एवढं सांग. सराट्याचं फूल कसं काढलं तू? ते बोटाच्या पेरापेक्षा लहान असते अन् जमिनीले चिकटून असते. बाजारहत्नूरच्या वळणावर मी पोटावर झोपून काढलं. कोपरं काट्यांनी भरून गेल्ती. घरी आल्यावर तूच चिमट्यानं काटे काढत होता अन् हसत होता. तेवढं तू केलं, खोटं कायले बोलू. त्या दिवशी मले तू आवडला होता.

पेटारीचं फूल किती वाजता उमलते? सकाळी पाह्यलं तर मुकं असते, दुपार कलल्याशिवाय डोळा उघडत नाई. बाजूले बशीच्या बुडासारखी गोल फळं असतात. त्याच्यासाठी मी बसस्टँडच्या मागं तीन दिवस उभी राह्यली. लोक म्हणे बाई बस चुकली का. पिवळ्या धोतऱ्याचं पान मोडलं तर कोणत्या रंगाचा चीक निघते? मुधोळच्या शाळेच्या बागेत जी कोरांटी आहे ती काढायले कोणाची परवानगी घेतली, माळ्याचं नाव काय? त्या माळ्यानं मले पाणी दिलं होतं, बसायले पोतं दिलं होतं, अन् विचारलं होतं, "तुमच्यासंगं जो माणूस आला तो गाडीवर झोपला का?" तू झोपला होता.

एकाही फुलाचं नाव तुले येत नाई हे मी पैजेवर सांगते. कार्डावर काय लिहिणार आहेस? 'पिवळं फूल एक, पिवळं फूल दोन'?

मी चौदा तारखेले येऊन राह्यली. एकटी नाई येणार. आमचा बायाइचा बचत संघ येईल, चौदा जणी. त्याइच्यापुढं नाव मागते.

इथं समोरच्या मांडवात ढोल सुरू झाला. लिहिणं होत नाई.

रंजीता


इंद्रवेल्ली
४ सप्टेंबर

भूषण,

या वेळी तू पाच ओळीही खर्चल्या नाईत. दोनच. "ये बिनधास्त. त्या म्हातारीलेही घेऊन ये, तरवडाचा फोटो कुठी काढला ते दोघीजणी सांगा."

वाचून मी दाराची कडी लावली अन् चिठ्ठी पिठाच्या डब्यात लपवली. तुले तेच पाह्यजे होतं. म्हूनच तो फोटो तू फ्लेक्सीवर मधात घेतला. चांगला आहे म्हून नाई, तर त्याच्यावर मी तोंड उघडू शकत नाई म्हून. इतका विचार तुले कधीपासून करता येऊ लागला?

पह्यली गोष्ट, ती म्हातारी नाई. तिले नाव आहे. सोजरबाई. भिंतीपलीकडं राह्यते, वांगी-मेथी लावते, अन् तू तापानं पडला होता तवा तिनं तुह्यासाठी पेज आणली होती. दुसरी गोष्ट, त्या दिवशीचं तू जसं सांगत फिरशीन तसं झालं नाई. कसं झालं ते मीच लिहून ठेवते.

आपल्या मागच्या भिंतीजवळ तरवड आपोआप उगवला. तीन वर्ष मी त्याची वाट पाह्यली. मागच्या वर्षी असा फुलला की पान दिसंना. अन् नेमका बतुकम्माच्या दिवसांत. त्या नऊ दिवसांत ह्या मुलखात रस्त्याच्या कडंले तरवडाचं एक फूल शिल्लक राह्यत नाई हे लहान पोरीलेही माहीत आहे. तेलुगू बाया त्याले तंगेडू म्हणतात, आपल्या मराठी बायाही आता त्याइच्यासंगं ताटात फुलं रचून बतुकम्मा मांडतात. टोपली घेऊन जो-तो रानात. अन् फुलं मागायले कोणी दारात आलं तर नाई म्हणत नाईत. वैऱ्यालेही देतात.

मी नाई म्हटलं.

आभाळ आठ दिवस झाकलेलं होतं. उजेडच नव्हता. नऊ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आभाळ फाटलं, मले कळलं उद्या सकाळी पह्यलं ऊन त्या झाडावर तिरपं पडणार. तेवढ्यात सोजरबाई दारात. "रंजीता, तुह्या मागं तरवड आहे न वं? उद्या सद्दुला, बतुकम्माचा शेवटचा दिवस. मीनल लग्नानंतर पह्यल्यांदा माहेरी आली. टोपलीभर दे माय." पोरगा आहे, पण लेक तिले ही एकच. अन् मी म्हटलं, "बकरीनं खाल्ला ओ सगळा." भिंत उंच आहे, तिले दिसत नव्हतं. वरून मी तिची छत्री मागून घेतली, उद्या उन्हात काम आहे म्हून. मले फुलामागं काळं काहीतरी धरायले पाह्यजे होतं. गुडघ्यानं अधू बाई ती. तिची छत्री म्हणजे तिची काठी, हे मले माहीत नव्हतं का?

पहाटे ती फुलाले निघाली, बिनाकाठीची. रस्त्याच्या वळणावर नालीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिकडं ती नालीत कण्हत होती अन् इकडं मी तुह्या हातात छत्री देऊन म्हणत होती, "थोडी वर धर, अजून थोडी वर." तू छत्री धरली. एवढाच तुहा त्या फोटोत वाटा.

आज सोजरबाई वॉकर घेऊन चालते. बाजारात बसणं बंद झालं. वर्षभर मी तिले रोज दुपारी डबा देऊन राह्यली. गल्लीत सगळ्या म्हणतात, रंजीतासारखी शेजारीण भाग्यानं भेटते. मी मान खाली घालून ऐकते.

तू गेल्यावर मले ह्या बायाच आहेत, भूषण. दुसरं कोणी नाई. हे तुले बरोब्बर माहीत आहे.

थू तुह्या जिंदगानीवर.

रंजीता


इंद्रवेल्ली
१० सप्टेंबर

भूषण,

तू जिंकला. मी काई मागत नाई. बाया येतील, कारण त्याइले सांगून बसली अन् ऑटो ठरला. पण मी गप राहीन.

एकच ऐक. नाव कोणाचंही लागो, फोटो मरायले नको. तरवडाचा फोटो दारातच लाव, सगळ्यात मोठा, चार फुटी. अन् कडा कापू नको. डाव्या बाजूची खालची फांदी गेली तर झाड लुळं दिसते. हळदीचे फोटो तू कापून कापून खराब करत होता, आठवते न? डिस्कमध्ये पुरा आहे. पुरा लाव.

रंजीता


इंद्रवेल्ली
१५ सप्टेंबर

भूषण,

काल तू जेवला का? मी जेवली. दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा खाल्ला, अन् पडल्या पडल्या झोपली. सात महिन्यांत पह्यल्यांदा.

आता सगळं सांगते. तुले कळायले पाह्यजे की तुह्यावर वीज आभाळातून नाई पडली.

आठ तारखेले, सोमवारी, मी सोजरबाईकडं गेली. ती दारात मेथी निवडत बसली होती. मी खाली बसली अन् एका दमात सांगून टाकलं. झाड भरलेलं होतं, मी खोटं बोलली, फोटोसाठी फुलं लपवली, छत्रीही त्याच्यासाठीच नेली. मी काई पुण्य लागावं म्हून नाई सांगतलं. माह्या ह्या गुपिताची काठी तुह्या हातून काढून घ्यावी म्हून सांगतलं. हेही मी तिले सांगून टाकलं.

तिनं मेथी निवडणं थांबवलं नाई. म्हणे, "रंजीता, माहा जन्म वावरात गेला. गुरं-बकऱ्या तरवडाले तोंड लावतात का कधी? तू बकरीनं खाल्ला म्हटलं तवाच मले कळलं."

मी विचारलं, "मंग तुमी बोलल्या काऊन नाई?"

"मले वाटलं तुले देवीले वाह्यची असतील, नवस असंल, सांगायची लाज वाटत असंल. मंग मी पडली. मंग तुहा डबा येऊ लागला. डबा आला तवा समजलं की नवस-गिवस काई नव्हता. वर्षभर रोज वाटे आज सांगंल, उद्या सांगंल. तू वरण आणलं, भाजी आणली, दिवाळीले करंज्या आणल्या. तेवढं नाई आणलं."

मी म्हटलं, "माफ करा ओ."

"नाई करत," ती म्हणे. "कायले करू? पाय माहा गेला." मंग जुडी बांधली, दोरा दातानं तोडला, अन् म्हणे, "चोर तो, खोटारडी तू. आधी चोराचं पाहू. ऑटोत पुढं बसंल मी, मागं हादरे लागतात."

म्हून दहा तारखेचं पत्र, भूषण. तू आयुष्यात माहं एकच ऐकलं, ते हे.

हॉलमध्ये काय झालं ते तू तुह्या जागेवरून पाह्यलं. माह्या जागेवरून कसं दिसलं ते ऐक. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष महिपत सर, त्याइनं फीत कापली. तू पांढरा कुर्ता घातला होता, माह्याच हातचा इस्त्रीचा डाग अजून बाहीवर आहे. आमच्या चौदा जणी दारातल्या त्या मोठ्या फोटोपुढं अडकल्या. इतका पिवळा! एकही पाकळी जळली नव्हती. मी सुद्धा तो इतका मोठा कधी पाह्यला नव्हता. भूषण, क्षणभर मी तुले विसरली.

मंग तू माइक घेतला. "दहा ऑक्टोबरची पहाट. मी एकटाच इंद्रवेल्ली रस्त्यानं निघालो. वळणावर हे झाड जणू माहीच वाट पाहत होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्डावरही तेच, तारखेसकट. अरे येड्या, तारीख कायले छापली?

आमच्या संघातली राजव्वा उठली. तिले मराठी समजते पण बोलत नाई. "अन्ना, सद्दुला के दिन रोड पे तंगेडू? पूरा रोड हम लोग घूमे, एक फूल नहीं था." बाया हसल्या. मागं बसलेल्या आदिलाबादच्या बायाही हसल्या. बाप्यांना काई कळलं नाई, तुलेही नाई. ज्यानं जन्मात एक टोपली फुलं वेचली नाई त्याले काय कळणार? तू म्हणे, "मी लवकर गेल्तो, अक्का. बायाइच्या आधी."

तवा सोजरबाई वॉकर टेकत पुढं आली. टक, टक. "मी चार वाजता गेल्ती रे भूषण. त्याच वळणावर सकाळ होईस्तोवर नालीत पडून होती. कोणी येते का म्हून रस्त्याकडं डोळे लावून होती. तू कोण्या रस्त्यानं गेला?"

तू घाम पुसला. म्हणे, "काकू, तुमची तब्येत बरी नाई, बसा."

ती बसली नाई. फोटोजवळ गेली, खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. काळ्यात लाल ठिगळ. तिनं नातीच्या फ्रॉकचा तुकडा कापून पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं, टाका अन् टाका दिसत होता. मी कॉम्प्युटरवर तो कोपरा नेहमी कापत होती.

"हे माही छत्री आहे," सोजरबाई म्हणे. "माही छत्री तर आदल्या संध्याकाळी रंजीतानं नेली होती. ती तुह्या रानात कशी आली रे?"

तू माह्याकडं पाह्यलं. तू अजूनही समजत होता की मी गप राहीन.

महिपत सरांनी विचारलं, "ताई, काय प्रकार आहे?" मी उभी राह्यली. सांगतलं, हा माह्या परसातला तरवड, फोटो माहा, बेचाळीसही माहे. अन् मंग आमच्या बायाइकडं तोंड केलं अन् बाकीचंही सांगतलं. झाड भरलेलं असताना मी सोजरबाईले नाई म्हटलं. सणाच्या दिवशी. बकरीचं नाव केलं. राजव्वानं माह्याकडं पाठ केली. दुसऱ्या दोघी उठून बाहेर गेल्या. वर्षभराची भाग्यानं भेटलेली शेजारीण तिथंच संपली.

पण तूही संपला.

मंडळवाले फोटो उतरवायले निघाले तवा मीच म्हटलं, उतरवू नका. कार्ड बदला. अन् ते त्याच्याच हातानं लिहू द्या. तू बेचाळीस वेळा लिहिलं. 'रंजीता, इंद्रवेल्ली.' मी प्रत्येक कार्डाजवळ उभी राहून फुलाचं नाव सांगत होती. सराट्याच्या खाली तू 'सुवर्णपुष्प' लिहिलं होतं! "सुवर्णपुष्प म्हणे, पायात रुतलं की आई आठवते," कोणीतरी बाई म्हणे अन् सगळा हॉल हसला. विसाव्या कार्डानंतर तुहा हात दुखत होता. मले दिसत होतं. मी थांब म्हटलं नाई.

रंजीता


इंद्रवेल्ली
२ ऑक्टोबर, दसरा

भूषण,

आज सकाळी तुहे भाऊ, पंढरीभाऊजी आले होते. सोनं दिलं, आपट्याचं पान. चांगला माणूस आहे, तुह्यापायी मान खाली घालून बसला होता. म्हणे, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा लोक वापस घेऊन राह्यले. दुकानासमोरून पोट्टे ओरडत जातात, "फूलचोर, फूलचोर." तुहं म्हणणं असं की मी मंडळाले दोन ओळी लिहाव्या, नवरा-बायकोत गैरसमज झाला होता म्हून. मंग तू इंद्रवेल्लीले परत येशीन. पाटीवर दोघांचं नाव टाकशीन. माहं वर टाकलं तरी चालंल म्हणे.

फेब्रुवारीत मी बारीक अक्षरात खाली मागत होती. तवा दिलं असतं तर मी तुले जन्मभर पुरली असती. आता वर देऊन राह्यला, तर मले तुह्या पाटीची कीव येते. ओळी लिहीत नाई. गैरसमज नव्हता. तू चोरी केली अन् मी तुले धरलं, एवढंच झालं.

तुले आनंद व्हावा म्हून इकडचंही सांगते. सद्दुला परवा झाली. गल्लीतल्या बायाइनं मले बोलावलं नाई. मी सकाळीच तरवडाच्या सगळ्या फांद्या मोकळ्या केल्या, पाच टोपल्या भरल्या, दारादारात ठेवल्या. चार टोपल्या तशाच सुकल्या. सोजरबाईनं तिची घेतली. बोलली नाई. डबा अजूनही घेत नाई, झाकणही न उघडता सुनेच्या हातानं वापस धाडते. मी रोज धाडते. तिनं मरेपर्यंत घेतला नाई तरी धाडीन. ते माहं अन् तिचं आहे, त्याच्यात तू पडू नको. मले त्याचं दुःख आहे. पण तुह्याबद्दल दुःख आहे का म्हून मी रात्रंदिवस माह्या मनात शोधलं, कुठी सापडलं नाई.

चौदा तारखेले मी कॅमेरा घेऊन आली होती हे तुह्या ध्यानात नसंल. जुनाच, तू टाकून गेला तो. सोजरबाईनं छत्रीचं विचारलं अन् तू माह्याकडं पाह्यलं, त्या वेळी मी बटन दाबलं. निस्तं बटन. डाव्या खिडकीतून उजेड चांगला येऊन राह्यला होता. तुहं तोंड अर्धं उघडं आहे, माइक हातात, कपाळावर घाम, अन् डोळ्यात असं की ही बाई आता बोलते का काय. सोळा वर्ष मी तुले पाह्यलं, पण तुहा इतका खरा फोटो कोणी काढला नसंल. आपल्या लग्नातलाही नाई.

एक प्रत ह्या पाकिटात आहे. मागं माहं नाव अन् तारीख लिहिली. बाकी कशावर तू हक्क सांगशीन, भूषण, पण हा मी काढला असं तुले म्हणता येणार नाई. ह्याच्यात तू आहेस.

दुसरी प्रत मोठी केली आहे. आपल्या जुन्या दुकानाचं शटर मी घेतलं, आजच्या मुहूर्तावर उघडलं. नमुन्याच्या फोटोंसाठी समोर काच आहे, लोक येता-जाता तिथं थांबतात, नवरा-नवरीचे फोटो पाह्यतात अन् मंग आत येतात. काचेत मधोमध तुले लावलं. खाली ठळक अक्षरात लिहिलं आहे, 'फोटो : रंजीता'.

रंजीता